जांघेतील खाज आणि झटपट आराम देणारी ट्यूब

रात्री दहाच्या सुमारास, दुकानाचे शटर अर्धे खाली ओढण्याच्या बेतात असताना, एखादा गिऱ्हाईक हमखास असा येतो, जो आल्याबरोबर काही मागत नाही. शेजारी खोकल्याचे औषध घेणाऱ्या बाई पैसे देऊन पायऱ्या उतरेपर्यंत तो टूथब्रशच्या स्टँडकडे पाहत उभा राहतो आणि मग मोबाइल पुढे करतो. पडद्यावर शेवटच्या कणापर्यंत पिळून गुंडाळलेल्या एका ट्यूबचा फोटो असतो. ‘‘काका, हीच द्या. दुसरी नको, हिनेच फरक पडतो.’’ कुठे लावतोस, असे विचारले की नजर खाली जाते आणि उत्तर येते, ‘‘असंच... घामामुळे.’’

कळव्यातील माझ्या औषधांच्या दुकानात हा प्रसंग इतक्या वेळा घडला आहे, की नाव न वाचताही त्या ट्यूबमध्ये काय आहे ते मी सांगू शकतो: एक बुरशीनाशक, एक-दोन जंतुनाशके आणि त्यांच्या सोबतीला एक तीव्र स्टिरॉइड. फोटो आणणारा कधी महापे एमआयडीसीतील मशीन ऑपरेटर असतो, कधी दिवसाचे बारा तास रेक्झिनच्या सीटवर बसणारा रिक्षाचालक, कधी तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारा माथाडी, तर कधी ऐरोलीच्या वातानुकूलित कार्यालयातून परतणारा संगणक अभियंता. मी डॉक्टर नव्हे, फार्मासिस्ट आहे. निदान करणे हे माझे काम नाही. परंतु ही खाज कशाकशाने होते, तिला काय लागू पडते आणि काय लावल्याने ती महिनोन्‌महिने लांबते, हे समजावून सांगण्याइतके या धंद्याने मला दाखवले आहे.

मुळात एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पुरुषांच्या जांघेत, अंडकोशावर किंवा लिंगाच्या टोकाशी सुटणारी खाज हा एक रोग नाही; ते अनेक निरनिराळ्या दुखण्यांचे सामाईक लक्षण आहे, आणि त्यांपैकी बहुतेक दुखणी योग्य औषधाने आटोक्यात येणारी आहेत. ती चिघळतात, कारण जे खाज थांबवते तेच रोग बरा करते असे आपण गृहीत धरतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जांघेच्या बाबतीत तर त्या पुष्कळदा एकमेकींच्या विरोधात जातात.

जांघेची त्वचा हातापायांच्या उघड्या त्वचेहून निराळ्या परिस्थितीत जगते. तेथे कातडीला कातडी लागून असते, हवा खेळत नाही, घाम वाळत नाही आणि चालताना, बसताना, उठताना सतत घर्षण होत राहते. त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे कोरड्या, मृत पेशींची एक भिंत असते. ती सतत ओली राहिली की पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी मऊ पडते आणि घासली की सोलवटते. घाम हे खाजेचे कारण आहे असे म्हणणे त्यामुळे अर्धवट खरे ठरते. घाम दार उघडतो. आत कोण शिरले, हे पाहावे लागते.

ठाणे आणि नवी मुंबईत हे दार वर्षातून निदान आठ महिने उघडे असते. पावसाळ्यात येथील हवेतील आर्द्रता पुष्कळदा ८० टक्क्यांच्या वर राहते. सकाळी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत ठाण्याहून तुर्भ्यापर्यंत उभ्याने गेलेल्या माणसाची जाड डेनिमची पँट जांघेपाशी जी ओली होते, ती संध्याकाळपर्यंत अंगावरच सुकते आणि परतीच्या गाडीत पुन्हा भिजते. घरी बॉक्स ग्रिलमध्ये किंवा पंख्याखालच्या दोरीवर टाकलेले कपडे जुलै-ऑगस्टमध्ये दोन-दोन दिवस ‘जवळजवळ वाळलेले’ असतात, आणि सकाळच्या घाईत तेच चढवले जातात. बुरशीला याहून अधिक काही लागत नाही.

अंडकोशाच्या त्वचेची गोष्ट आणखी वेगळी आहे. ती अतिशय पातळ आणि सुरकुतलेली असते, आणि तिच्यातून औषध फार वेगाने आत शोषले जाते. फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिझोन हे सौम्य स्टिरॉइड शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून किती शोषले जाते ते मोजले, तेव्हा हाताच्या पुढच्या भागापेक्षा अंडकोशातून ते सुमारे ४२ पट अधिक शोषले गेल्याचे आढळले. हाताला जे सोसते ते येथे सोसेलच असे नाही, हे या एका आकड्यावरून समजते. मलमांचेच नव्हे, तर साबण, अँटिसेप्टिक द्रव आणि घरगुती लेप यांचेही तसेच.

खाज नेमकी कोठे आहे, हा पहिला प्रश्न. त्याच्या उत्तराने निम्मे काम होते.

मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेच्या घडीपासून सुरू होऊन खाली किंवा मागे नितंबाकडे पसरत जाणारा चट्टा असेल, त्याची कडा किंचित उचललेली, लालसर वा तपकिरी आणि कोंडा सुटल्यासारखी असेल, मधला भाग तुलनेने स्वच्छ दिसत असेल आणि अंडकोशाची त्वचा मात्र बहुतांशी त्यातून वाचलेली असेल, तर ते बहुधा गजकर्ण, म्हणजेच नायटा असतो. आपल्याकडे जांघेतील खाजेचे हे सर्वांत मोठे कारण. ही बुरशी केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते, जे त्वचेच्या मृत थरात, केसांत आणि नखांत असते. ती खोल शिरत नाही, रक्तात जात नाही. वरच्या थरात गोलाकार पसरत राहते, आणि जेथे ती नव्याने पोहोचते तेथे शरीर तिच्याशी झुंजू लागते. कडेची लाली आणि खाज म्हणजे ती झुंज होय.

इंग्रजांनी या दुखण्याला ‘धोबी इच’ असे नाव देऊन सगळे खापर धोब्यावर फोडले. बुरशीचा मार्ग खरे तर बरेचदा घरातच सुरू होतो. पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांमध्ये हीच बुरशी असू शकते, आणि अंतर्वस्त्र पायांतून वर ओढताना ती थेट जांघेपर्यंत येते. ज्याला दोन्ही ठिकाणी त्रास आहे, त्याने आधी मोजे आणि मग अंतर्वस्त्र घालावे, हा त्वचातज्ज्ञांचा जुना सल्ला ऐकायला गमतीदार वाटतो, पण त्यामागचे कारण हे आहे. सामाईक टॉवेल, एका खोलीत चौघे राहणाऱ्या मुलांच्या एकत्र पडलेल्या चादरी, नवरा-बायकोपैकी एकानेच घेतलेले उपचार, ही बाकीची वाट.

आता त्या ट्यूबकडे येऊ. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. इसब, सोरायसिस, ॲलर्जी अशा विकारांत त्याला तोड नाही. ते शरीराची दाहाची प्रतिक्रिया दाबते. गजकर्णावर ते लावले, की दोन दिवसांत लाली उतरते, कडा सपाट होते, खाज थांबते आणि रुग्णाला वाटते की औषध अचूक लागू पडले. घडलेले मात्र एवढेच असते, की झुंजणारी शरीराची फौज मागे घेतली गेली आहे आणि बुरशी तशीच आहे, किंबहुना आता तिला अडवणारे कोणी उरलेले नाही. ट्यूबमधील बुरशीनाशक थोडेफार काम करते, परंतु खाज गेली म्हणून माणूस आठवड्याभरात ट्यूब बाजूला ठेवतो, आणि दहाव्या दिवशी खाज पहिल्यापेक्षा मोठा घेर घेऊन परतते. मग पुन्हा तीच ट्यूब. असे फेरे सुरू झाले, की गजकर्णाचे रूपच पालटते: स्पष्ट कडा नाहीशी होते, एका वर्तुळाच्या आत दुसरे वर्तुळ उमटते, चट्टे पोटावर, कमरेवर, कधी चेहऱ्यावरही जातात, आणि डॉक्टरलाही पहिल्या नजरेत ते ओळखू येत नाही. वैद्यकशास्त्राने या वेषांतराला १९६८ मध्येच नाव दिले होते, टिनिया इनकॉग्निटो, अर्थात ओळख लपवलेला गजकर्ण.

दुसरे नुकसान बुरशीचे नव्हे, औषधाचेच असते. मांडीच्या आतल्या बाजूची त्वचा पातळ होते, आणि गरोदरपणानंतर पोटावर दिसतात तसे रुंद, लालसर-जांभळे ओरखडे उमटतात. ते कालांतराने पांढुरके होतात, पण जात नाहीत. बाविशीतल्या एका मुलाने दुकानाच्या आतल्या बाजूस येऊन मला असे ओरखडे दाखवले होते. दोन्ही मांड्यांवर बोटभर रुंदीचे, चार-पाच. व्यायामामुळे आले असावेत, अशी त्याची समजूत होती. दोन वर्षे तो सलग अशाच ट्यूब वापरत होता, आणि त्यांतल्या काही माझ्याच दुकानातून गेल्या होत्या, हे मी येथे लपवत नाही.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एच मध्ये आणले, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. नियम कागदावर चोख आहे. काउंटरवर तो किती पाळला जातो, ते प्रत्येक वाचक स्वतः जाणतो. म्हणून ग्राहकानेच ट्यूबच्या मागची बारीक अक्षरे वाचायला शिकावे. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव तेथे असेल, तर ती ट्यूब जांघेतील निदान न झालेल्या खाजेवर लावायची नाही. वेष्टनावर बुरशीनाशकाचे नाव ठळक असते आणि स्टिरॉइडचे नाव त्याच्या पाठीमागे दडलेले असते, त्यामुळे पहिलेच नाव वाचून थांबू नये.

याच काळात बुरशीही बदलली. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत हटणारा गजकर्ण गेल्या दशकभरात भारतभर चिवट आणि पसरणारा झाला. त्यामागे मुख्यत्वे असलेल्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी स्वतंत्र प्रजाती म्हणून ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. ज्या रुग्णांकडून ती मिळाली त्यांचा संबंध भारत आणि नेपाळशी होता. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांत ती सापडल्याची नोंद झाली. हिची अडचण अशी, की टर्बिनाफिन हे एरवीचे हुकमी औषध तिच्यापैकी अनेक बुरश्यांना लागू पडत नाही. टर्बिनाफिन बुरशीच्या एका विशिष्ट विकराला (एन्झाइमला) अडवून तिचे आवरण तयार होऊ देत नाही. या बुरशीच्या जनुकातील बदलामुळे त्या विकराचा आकार थोडा पालटतो आणि औषधाची किल्ली कुलपात बसेनाशी होते. मित्राला ज्या गोळीने आराम पडला ती तुम्हाला लागू पडली नाही, तर त्यात नवल नाही.

तरीही गजकर्ण बरा होतो, मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. चट्टा छोटा आणि नवा असेल, तर ल्युलिकोनाझोल, क्लोट्रिमाझोल किंवा कीटोकोनाझोल यांसारखे, स्टिरॉइड नसलेले, निव्वळ बुरशीनाशक मलम पुरते. लावायची पद्धत औषधाइतकीच महत्त्वाची असते. चट्ट्याच्या मध्यभागी नव्हे, तर कडेवर आणि कडेच्या बाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत ते लावावे, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. त्वचा पूर्ण कोरडी करून पातळ थर द्यावा. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे ते चालू ठेवावे. हा शेवटचा भाग जवळजवळ कोणीच पाळत नाही. पसरलेल्या किंवा जुन्या गजकर्णासाठी डॉक्टर पोटातून औषध देतात, आणि आजकाल ते बहुधा इट्राकोनाझोल असते. त्याच्या नेहमीच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्याव्या लागतात, कारण शोषले जाण्यासाठी त्यांना जठरातील आम्ल हवे असते. आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेणारे असंख्य लोक आहेत. ती गोळी आम्ल कमी करते आणि मग महागाच्या कॅप्सूलचा निम्मा परिणाम वाया जातो. इट्राकोनाझोल अनेक औषधांशी जुळत नाही आणि हृदय कमकुवत असलेल्यांना चालत नाही, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

निदानाबद्दल शंका असेल, तर एक साधी तपासणी आहे. चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट पात्याने खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे उरतात. लोक तिला ‘केओएच’ म्हणूनच ओळखतात. ती दुखत नाही, खर्चिक नाही आणि थोड्या वेळात होते.

खाज मांडीवर नसून मुख्यतः अंडकोशावर असेल, तर गजकर्णाचा संशय मागे पडतो आणि इसबाकडे पाहावे लागते. येथे पुष्कळदा दोषी आपणच असतो. घाण असेल म्हणून दिवसातून तीनदा साबण लावणे, आंघोळीच्या पाण्यात मूठभर अँटिसेप्टिक ओतून तेच वरून घेणे, कपड्यांतून न निघालेली साबणाची पूड, कमरपट्ट्याचे रबर, सुगंधी वाइप्स, एखाद्या मलमातील निओमायसिन, यांपैकी कशानेही ती पातळ त्वचा भडकते. भडकली की खाजते, खाजवली की जाड होते आणि जाड झालेली त्वचा अधिक खाजते. रात्री झोपेत, टीव्हीसमोर किंवा चिंतेच्या वेळी हात आपोआप तेथे जातो, आणि काही महिन्यांनी त्वचा चामड्यासारखी, रेघा उमटलेली दिसू लागते. याला लायकेन सिम्प्लेक्स म्हणतात. मूळ कारण केव्हाच संपलेले असते; खाजवण्याची सवय मात्र उरलेली असते. यावर डॉक्टर खरोखर स्टिरॉइड देतात, पण ते मोजून, ठरावीक दिवसांसाठी आणि बुरशी नाही याची खात्री करून. बाजारातल्या मिश्र ट्यूबमध्ये आणि यात एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे.

घरगुती उपायांविषयी एक शब्द बोलणे भाग आहे. लसूण चोळणे, लिंबू पिळणे, व्हिनेगर लावणे यांनी जी आग होते तिला लोक ‘औषध लागले’ असे समजतात. ती रासायनिक भाजण असते. बिब्बा तर चुकूनही नको. बिब्बा उतला तर काय होते, ते गावाकडच्या कोणत्याही आजीला विचारावे. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचा रस वापरत, तेव्हा नुसत्या त्या खुणेच्या जागी अंगावर फोड उठल्याची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. धोब्यावर ठेवलेला ठपका निदान या बाबतीत अगदीच निराधार नव्हता. खोबरेल तेल कोरड्या, फुटलेल्या त्वचेला चांगले, पण ओलसर घडीत ते ओल धरून ठेवते. टाल्कम पावडर कोरड्या त्वचेवर थोडी चालते. घामावर टाकली की तिच्या गुठळ्या होऊन त्याच घासतात.

लिंगाच्या टोकाशी, पुढच्या कातडीच्या आत लाली, पांढरट थर, जळजळ आणि खाज असेल, तर बहुधा कँडिडा नावाच्या निराळ्या बुरशीचा प्रादुर्भाव असतो. जांघेतही ती होते, पण तेव्हा अंडकोशही त्यातून वाचत नाही आणि मुख्य चट्ट्याभोवती छोटे छोटे पुरळ विखुरलेले दिसतात. असा त्रास पहिल्यांदाच झाला असेल, त्यातही वय चाळिशीच्या आसपास असेल किंवा कातडीच्या कडेला बारीक चिरा पडत असतील, तर मलम घेण्याबरोबरच रक्तातील साखर तपासावी, असे मी आग्रहाने सांगतो. मधुमेहाची पहिली चाहूल येथे लागलेले कितीतरी लोक आहेत. ज्यांना मधुमेह असल्याचे आधीच ठाऊक आहे, त्यांनी आपल्या गोळ्यांवर नजर टाकावी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. ती हृदयासाठी व मूत्रपिंडासाठी गुणकारी आहेत, आणि २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपल्यावर स्वस्त झाल्यामुळे घराघरांत पोहोचली आहेत. पण साखरमिश्रित लघवीचा थेंब कातडीच्या आत राहिला, की कँडिडाला आयते खाद्य मिळते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. लघवीनंतर तो भाग साध्या पाण्याने धुऊन कोरडा करायचा आणि डॉक्टरांना सांगायचे. जोडीदारालाही खाज किंवा पांढरा स्राव असेल, तर दोघांनी एकत्र उपचार घ्यावेत. मधुमेही व्यक्तीच्या या भागात अचानक तीव्र वेदना, झपाट्याने वाढणारी सूज, काळपटपणा आणि ताप आला, तर मात्र ते खाजेचे प्रकरण राहत नाही. अशा प्रसंगी सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे, कारण क्वचित होणारा तो संसर्ग काही तासांत जिवावर बेततो.

दिवसा खाज जेमतेम आणि अंथरुणावर पडल्यावर असह्य, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवतीही पुरळ, आणि घरातले आणखी कोणी खाजवत असेल, तर ती खरूज समजावी. लिंगावर किंवा अंडकोशावर वाटाण्याहून लहान, घट्ट, खाजणाऱ्या गाठी ही तिची विशेष खूण. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असलेला किडा त्वचेत बीळ करून अंडी घालतो. यावर ५ टक्क्यांचे पर्मेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली आणि बेचक्यांतही लावून रात्रभर ठेवतात आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावतात. जेथे खाजते तेथेच लावणे, ही येथली नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे एकट्यानेच लावणे. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून आज ज्याला काहीच होत नाही तोही किडा बाळगून असू शकतो. घरातल्या सर्वांनी एकाच रात्री मलम लावावे, कपडे-चादरी गरम पाण्यात धुवाव्यात, आणि जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. उपचारानंतरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहते, त्याला घाबरून मलमाचा मारा करू नये. खाज फक्त केसांत असेल आणि अंतर्वस्त्रावर बारीक तपकिरी ठिपके दिसत असतील, तर ती जांघेतली ऊ. तीही पर्मेथ्रिनने जाते.

आणखी काही कारणे आहेत, ती ओझरती सांगतो. घडीत खाज कमी पण तपकिरी, गुळगुळीत डाग असेल, तर तो एरिथ्राझ्मा हा जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. विशिष्ट अतिनील दिव्याखाली तो पोवळ्यासारखा लाल चमकतो आणि बुरशीच्या औषधाऐवजी जंतुनाशकाने जातो. सोरायसिस घडीत कोंडा न सुटता चकचकीत लाल दिसतो. पुढची कातडी पांढरी, कागदासारखी होऊन आवळत चालली असेल, तर लवकर दाखवावे, कारण दुर्लक्ष केल्यास लघवीचा मार्गही अरुंद होतो. पाण्याचे फोड, व्रण किंवा स्राव असेल, तर लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गाची तपासणी करून घ्यावी. न भरणारी जखम किंवा वाढणारी गाठ कोणत्याही मलमाने झाकू नये.

निदान होईपर्यंत तात्पुरता आराम हवा असतो, आणि तो स्टिरॉइडवाचून मिळतो. गरम पाण्याने घटकाभर बरे वाटते आणि नंतर खाज दुप्पट होते. म्हणून पाणी कोमट किंवा गार घ्यावे. थंड पाण्यात भिजवून पिळलेले सुती फडके पाच-दहा मिनिटे ठेवून मग जागा पूर्ण टिपून घ्यावी. घासायचे नाही, टिपायचे. टॉवेल स्वतःचा वेगळा असावा. रात्री सैल सुती लुंगी किंवा पायजमा, दिवसा घट्ट जीन्सऐवजी मोकळी पँट, आणि घाम गाळणारे काम असेल तर डब्याच्या पिशवीत एक जादा अंतर्वस्त्र, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पावसाळ्यात अंतर्वस्त्रे उलटी करून इस्त्री फिरवावी, शिवणीवर जरा जास्त. केस वस्तऱ्याने काढू नयेत. त्याने बारीक जखमा होतात आणि केस परत उगवताना खाज वेगळीच सुटते. कात्रीने किंवा ट्रिमरने कमी करावेत. झोपमोड होत असेल, तर डॉक्टर खाजेची गोळी देतात. तिने गुंगी येते, म्हणून पहाटेची पाळी करणाऱ्या रिक्षाचालकाने किंवा मशीनवर काम करणाऱ्याने ते आधी सांगावे.

दाखवायचे कोठे, हा प्रश्न दुकानात मला हलक्या आवाजात विचारला जातो. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. नवी मुंबईतही महापालिकेची व खासगी महाविद्यालयांशी जोडलेली रुग्णालये आहेत. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभ्या असलेल्यांपैकी अनेकांची तक्रार हीच असते, आणि समोरच्या डॉक्टरांनी, त्या स्त्री असोत वा पुरुष, त्या सकाळीच अशा कितीतरी जांघा पाहिलेल्या असतात. ‘प्रायव्हेट पार्ट’, ‘खालच्या बाजूला’, ‘तिकडे’ असे म्हणत बसण्यापेक्षा जांघ, अंडकोश, लिंग हे सरळ शब्द वापरावेत, कारण जागा कळल्याखेरीज रोग कळत नाही. तपासणीच्या आधी काही दिवस मलम न लावलेले बरे, म्हणजे कोंड्यात बुरशी सापडते. आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या आणि गुंडाळलेल्या असल्या तरी, एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात. मांड्यांवरचे ओरखडे दाखवणाऱ्या त्या मुलाने माझ्या सांगण्यावरून तशी पिशवी नेली होती. आत नऊ ट्यूब होत्या, सहा वेगवेगळ्या नावांच्या. डॉक्टरांनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या, तेव्हा नऊच्या नऊ ट्यूबवर मागच्या बाजूला तेच एक नाव निघाले, क्लोबेटासोल.